ती सांजच्याला येती

बी.ए. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगण्याची. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी मंठ्याजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. कॉलेजसाठी जालन्याला मावशीकडे राहिलेली. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या मुली आमच्या भागात तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या. एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्याला दुभाषी हवी आहे असं मावशीच्या यजमानांच्या कानावर आलं आणि एका सोमवारी त्यांनी मला सायकलवर मागे बसवून तिथं नेऊन सोडलं.

दवाखान्यात एक केरळच्या बाई होत्या. त्यांचे यजमान बियाण्यांच्या एका कंपनीत साहेब होते, त्यांच्यामागे त्या इकडे आल्या होत्या. बंगलोरला मानसशास्त्र शिकलेल्या, वय असेल चाळीसच्या आसपास. ज्यांचं दुखणं तपासून सापडत नसे, अशा लोकांशी त्या आठवड्यातले तीन दिवस बसून बोलायच्या. समुपदेशन हा शब्द मी तेव्हा ऐकलाही नव्हता. गावाकडचे लोक त्यांना ‘बोलायच्या बाई’ म्हणायचे. आणि बोलायच्या बाईंना मराठी बोलता येत नव्हतं. हिंदी मोडकंतोडकं, इंग्रजी चांगलं, आणि आपसूक तोंडून निघायचं ते मल्याळम. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘मोळे’ म्हणू लागल्या. मोळे म्हणजे मुली, पोरी. पेशंटना वाटायचं माझं नावच मोळे आहे. पुढे कित्येकजण मला मोळेबाई म्हणूनच ओळखत.

पहिले दोन-तीन महिने काही धड चाललं नाही. बाई त्यांच्या शिक्षणाप्रमाणे पेशंटबरोबर आलेल्या सगळ्यांना बाहेर पाठवायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, “तुम्हाला काय वाटतं ते सांगा.” राजूरकडची एखादी सून सासूशिवाय, नवऱ्याशिवाय कधी परक्या खोलीत बसलेली नसायची. ती दाराकडे बघत राहायची. “वाटायचं काय?” म्हणायची. काहीजणी बाईंच्या केसांकडे बघायच्या. बाई सकाळी न्हाऊन यायच्या आणि खोबरेल लावलेले लांब केस टोकाला एक छोटी गाठ मारून मोकळेच सोडायच्या. आमच्याकडे दिवसाढवळ्या केस मोकळे सोडून बसलेली बाई म्हणजे अंगात आलेली. मी हे त्यांना सांगावं की सांगू नये, यात आठ दिवस घालवले. शेवटी सांगितलं. त्या खूप हसल्या आणि दुसऱ्या दिवशी अंबाडा घालून आल्या. मग म्हणाल्या, “असं काहीही दिसलं की मला लगेच सांगायचं. मला इथलं काही येत नाही. तुला येतं.”

मला येतं, हे ऐकून मी फुशारले होते.

त्यांनी एक वही केली. लोक दुखणं ज्या शब्दांत सांगतात ते शब्द त्या तिच्यात जसेच्या तसे लिहून घ्यायच्या, त्यांच्या गोलगोल अक्षरांत. डोक्यात मुंग्या येतात. जीव खालीवर होतो. काळजात धस्स होतं. पोटात कालवाकालव होते. मी एकेक शब्द अर्थासह सांगायचे आणि त्या विचारायच्या, “हे कोण म्हणतं? बाई म्हणतात की पुरुषही? तरुण की म्हातारे?” एकदा एक मास्तर आले होते. बदली होऊन आलेले, जेवण नीट जाई, झोपही येई. पण सारखं म्हणायचे, करमत नाही. मी इंग्रजीत सांगितलं, त्यांना कंटाळा येतो. मास्तर निघून गेल्यावर बाई म्हणाल्या, कंटाळा आलेल्या माणसाचे डोळे असे नसतात. मग मी सांगू लागले. करमत नाही म्हणजे काय? म्हणजे जागा आहे, माणसं आहेत, पण आपण तिथं नाही. गेलेल्या माणसावाचून करमत नाही, माहेरावाचून करमत नाही. मी पाच-सहा वाक्यं केली, तरी मला स्वतःलाच ती पुरी वाटेनात. बाई ऐकत होत्या. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी पहिल्यांदाच मराठीत, अडखळत, स्वतःविषयी एक वाक्य म्हटलं, “मला करमत नाही.” त्यांची आई तिकडे एकटी होती. तिच्यापर्यंत पोचायला आगगाडीत दोन रात्री काढाव्या लागत.

नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा आष्टीकडून एक धनगर बाई आली. सून आणि नवरा तिला घेऊन आले होते. बाई पंचेचाळिशीची असेल. रापलेली, हाडापेरानं मजबूत, पण अंगावरचं मांस उतरलेलं. सुनेनं सांगितलं की दीड वर्षापासून सासू खात नाही, कुणाशी बोलत नाही, आणि रोज दिवस मावळताना घराबाहेर जाऊन बसते, एकटीच काहीतरी पुटपुटते. गावातल्या देवऋष्याचं करून झालं होतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. 

बाई तोवर शिकल्या होत्या. त्यांनी सुनेला आतच बसवलं, जमिनीवर सतरंजी टाकायला लावली आणि स्वतःही खाली बसल्या. खूप वेळानं ती बाई बोलायला लागली. खाली मान घालून, एका सुरात, बराच वेळ बोलली. तिची बोली आमच्या घरच्या बोलीपेक्षा थोडी वेगळी होती, पण मला सगळं कळत होतं. ती म्हणाली, “माझी लेक हाय. सांजच्याला येती. मी तिला भाकर काढून ठिवती. ती खाती, मंग जाती. मंग मी घरात येती.” लेक वारून सहा वर्षं झाली होती, ते सुनेनं सांगितलं.

मी काय केलं ते मला आजही नीट आठवतं. मला लाज वाटली. तिची नाही, माझी. बाई बंगलोरला शिकलेल्या, इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या. त्यांच्यापुढे आपल्याकडचं हे भाकर काढून ठेवणं, मेलेल्या माणसानं ती खाणं, हे सगळं कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर ती धनगर होती. आमच्या घरात त्यांच्याविषयी एका ठरावीक सुरात बोललं जायचं, तो सूर माझ्यातही होता. मी तिचं दहा मिनिटांचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. म्हटलं, तिची मुलगी वारली आहे. ती रोज संध्याकाळी तिला दिसते आणि हिच्याशी बोलते, असं ही म्हणते.

बाईंनी विचारलं, “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं.

औरंगाबादहून दर पंधरा दिवसांनी शनिवारी मनोविकाराचे एक डॉक्टर आमच्या दवाखान्यात यायचे. बाईंनी कागदावर माझीच दोन वाक्यं लिहून त्यांच्याकडे दिली. मेलेलं माणूस दिसतं, बोलतं, रोज, ठरल्या वेळी. डॉक्टरांनाही मराठी येत नव्हतं. त्यांनी तिला तपासलं, तिला जे विचारलं तेही माझ्याच तोंडून विचारलं, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं. त्यांना जे सांगितलं गेलं त्याला तेच औषध होतं.

तीन आठवड्यांनी सून तिला पुन्हा घेऊन आली. तिला धरून आणावं लागलं. तोंड कोरडं पडलेलं, हात थरथरत होते, डोळे उघडे ठेवणं जमत नव्हतं. सून म्हणाली, गडबड बंद झाली, आता बाहेर जात नाही, पण दुपारपासून नुसती पडून असते. पूर्वी निदान लोकर कातायची, आता चाती हातात धरता येत नाही. बाई तिच्याजवळ खाली बसल्या, तिचा हात हातात घेतला. तेव्हा ती रडायला लागली. आवाज न करता.

“माझी लेक उपाशी राह्यली, बाई,” ती म्हणाली. “गोळी घेतली की दिस बुडायच्या आदीच डोळा लागतो. तिला भाकर कोण देईल? ती येऊन माघारी जात आसंल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाली?”

या वेळी मी शब्दाला शब्द ठेवून सगळं सांगितलं. मग तीन आठवड्यांपूर्वी मी जे गाळलं होतं तेही सांगितलं. भाकरीचं. लेक जेवून गेल्याशिवाय ही घरात येत नाही, ते. मला वाटलं होतं त्या रागावतील, कदाचित नोकरीही जाईल. त्यांनी तिचा हात सोडला नाही. मग मला म्हणाल्या, “मी ‘एवढंच?’ विचारून थांबायला नको होतं. ती दहा मिनिटं बोलत होती, ते मला दिसत होतं.”

नंतर त्यांनी तिला आपल्या आजीची गोष्ट सांगितली. माझ्यामार्फतच, पण हातवारे करून. आषाढातल्या अवसेला आजी भिजल्या अंगानं अंगणात येई, केळीच्या पानावर भाताचे गोळे ठेवी आणि ओल्या हातांनी टाळी वाजवून कावळ्यांना बोलवी. ओल्या हाताची टाळी वेगळी वाजते. बाईंनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी हातावर घेतलं आणि वाजवून दाखवली. म्हणाल्या, कावळा आला नाही तर आजी रडायची, माझ्यावर कोण रागावलं म्हणायची. आजीला कुणी कधी वेडी म्हटलं नाही.

त्या बाईनं मान वर केली. इतक्या दिवसांत तिनं आमच्याकडे असं पहिल्यांदा पाहिलं.

“तुमच्याकडं बी देत्यात व्हय?” तिनं विचारलं. आणि मग, “तुमची माय हाय का?”

बाईंनी सांगितलं, आहे, पण फार लांब आहे. ती म्हणाली, “मंग तुमचाबी जीव तिकडंच आसंल.”

बाईंनी मला एक प्रश्न विचारायला सांगितला, जो मला फार विचित्र वाटला. म्हणाल्या, तिला विचार, तुझी मुलगी आता कुठे आहे? मेलेलं माणूस कुठे असणार? पण मी आता काही गाळायचं नाही असं ठरवलं होतं. मी विचारलं. तिला प्रश्न मुळीच विचित्र वाटला नाही. कुणीतरी हे विचारावं म्हणून ती दीड वर्ष थांबली होती, असं तिच्या तोंडावर दिसलं.

लेक पूर्णेच्या पल्याड होती. मंठ्याच्या पुढे, नदी ओलांडून लोणारच्या बाजूला जाताना एका शेताच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली. मेंढरं घेऊन ते दरवर्षी त्या वाटेनं जायचे. पोर नऊ-दहा वर्षांची होती. तळावर तिला ताप भरला आणि दोन दिवसांत गेली. तिथंच तिला माती दिली. तळ हलला, मेंढरं पुढे गेली, हीपण गेली. पण वाट तीच होती. जाताना आणि येताना, वर्षातून दोनदा, ती तिथं थांबायची, एक दगड ठेवायची, भाकर ठेवायची. चार वर्षं असं चाललं. मग चराई कमी झाली, पोरांना एका जागी राहायचं होतं, मेंढरं विकली. आष्टीजवळ नवऱ्याची थोडी जमीन होती, तिथं घर बांधलं. सगळ्यांना वाटलं आता सुख लागलं.

“मेंढरं गेली तशी वाट गेली,” ती म्हणाली. “तिला वाटंल माय इसरली. म्हून मंग तीच येती आता माझ्याकडं.”

सून तोंडाला पदर लावून बसली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा नणंद वारलेली होती, ती कुठे आहे हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाई डॉक्टरांशी बराच वेळ बोलल्या. डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा सगळं विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्या हळूहळू कमी करत आणायचं ठरवलं. हे मला आधीच कळायला हवं होतं, असं ते म्हणाले. मी मान खाली घातली. बाई लगेच म्हणाल्या, “आम्ही विचारलंच नव्हतं.” आम्ही म्हणाल्या त्या. त्यांनी माझं नाव पुढे येऊ दिलं नाही.

तिला तिथं नेऊन आणायचं, असं बाईंनी ठरवलं. आधी नवऱ्याशी बोलावं लागलं. तो म्हणाला, आता तिकडं जाऊन काय करायचं, उगा जखम उकरायची. बाईंनी त्याला समजावलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, तो लिंब रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे? तो सांगायला लागला. रस्ता कुठे वळतो, ओढा कुठे लागतो, लिंबाची कुठली फांदी वाकडी आहे, सगळं. सांगता सांगता तो थांबला आणि म्हणाला, जाऊ.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी आम्ही मंठ्याहून एसटीनं निघालो. ती, तिचा नवरा, बाई आणि मी. सुनेनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या होत्या. रस्ता माझ्या गावावरून जात होता. लहानपणी हिवाळ्यात आमच्या शेतात धनगरांची मेंढरं बसायची. खत होतं म्हणून वडील बसवून घ्यायचे, त्याबद्दल ज्वारी द्यायचे. त्यांच्या बायका पालापुढे चूल मांडायच्या, आम्ही पोरी लांबून बघायचो. जवळ जायचं नाही, अशी आईची ताकीद होती. ते कुठून येतात, कुठं जातात, त्यांच्यात कुणाचं काय मागे राहतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

गावाजवळ ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “हितल्या इहिरीचं पाणी लय गोड. पर आमाला भरू देत नव्हते. वरून वतायचे.”

कुणाची विहीर, ते मी विचारलं नाही. आमच्या गावात तशा चार-पाच विहिरी होत्या. त्यातली एक आमची होती. बाईंनी विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगितलं. हेही सांगितलं की हे माझं गाव आहे. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नदी येईपर्यंत तो काढला नाही.

लिंब होता. पण त्याखाली दगड नव्हते. जागा नांगरलेली होती, हरभरा उभा होता. ती झाडापाशी गेली, इकडेतिकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. नवरा शेताच्या मालकाला शोधायला गेला आणि थोड्या वेळानं एका माणसाला घेऊन आला. साधा शेतकरी होता, माझ्या वडिलांसारखा. त्यानं शेत नव्यानं वाट्यानं घेतलं होतं. तो आम्हाला बांधापाशी घेऊन गेला. तिथं बाभळीच्या बुडाशी आठ दगड एकावर एक नीट रचून ठेवलेले होते.

“कुणीतरी जपून ठेवलेले दिसले,” तो म्हणाला. “फेकून द्यावं वाटलं न्हाई. नांगरताना हितं आणून ठेवले.” मग त्यानं विचारलं, “कोण हाय?”

“माझी लेक,” ती म्हणाली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो बाजूला झाला.

तिनं फडकं सोडलं, भाकर मोडून लिंबाच्या बुडाशी ठेवली, आणि बोलायला लागली. हळू आवाजात, हात हलवत, मधेच हसून. मी सवयीनं तिच्या आणि बाईंच्या मधे जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला आणि मान हलवली. काही सांगायचं नव्हतं. आम्ही दोघी मागे सरकून बांधावर बसलो. ती काय बोलली ते बाईंनी मला कधी विचारलं नाही. मी ऐकलं होतं थोडंफार, पण मीही कुणाला सांगितलं नाही. रडला तो तिचा नवरा. ओढ्याकडे तोंड करून, खांद्यावरचं घोंगडं तोंडावर ओढून, खूप वेळ.

निघताना तिनं बांधावरून शोधून एक दगड रचलेल्या दगडांवर ठेवला. शेतकऱ्याला म्हणाली, दादा, येता-जाता नजर ठेव. तो म्हणाला, ठिवतो, माय.

ती एकदम बरी झाली असं नाही. चार-पाच महिने येत राहिली. गोळ्या सुटल्या, हात स्थिर झाले, पुन्हा चाती फिरू लागली. संध्याकाळची भाकर तिनं चालू ठेवली, बाईंनी ती बंद करायला कधी सांगितलं नाही. एकदा सून हसत हसत सांगत आली की सासू आता पहिल्यासारखी भांडते, मीठ जास्त झालं म्हणते. बाईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या खूष झाल्या की त्यांनी ते वहीत लिहिलं.

त्या वर्षानंतर आमच्या कामाची रीतच बदलली. बाई आता पहिल्या भेटीत कधीच विचारत नसत की तुम्हाला काय होतंय. त्या विचारायच्या, तुमच्याकडे असं झालं की काय करतात? कोणाला बोलावतात? मुसलमान मोहल्ल्यातली बाई असेल तर तिची नणंद, आजी कुणालाही बसवून घ्यायच्या. लमाणांच्या तांड्यावरची असेल तर आधी तिच्या ओढणीवरच्या आरशांविषयी बोलायच्या. आणि मी भाषांतर करताना माझ्या तोंडाकडे बघायच्या. माझ्या घरचा सूर माझ्या बोलण्यात शिरला की त्यांना तो शब्द न कळताही कळायचा. “मोळे,” त्या म्हणायच्या, “हे ती म्हणाली की तू?” बऱ्याचदा मीच म्हटलेलं असायचं. मराठी मला येत होतं, त्यांना नव्हतं. पण माझ्याच शिवेवरून वर्षानुवर्षं गेलेल्या माणसांचं बोलणं मला त्या परक्या बाईंनी ऐकायला शिकवलं.

पाच वर्षांनी त्यांच्या यजमानांची बदली झाली. जालन्याच्या स्टेशनवर मी एकटीच पोचवायला गेले होते. मावशीनं दिलेला तिळाच्या पोळ्यांचा डबा त्यांनी मांडीवर धरून ठेवला होता. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना नावानं, ताई म्हणून, आक्का म्हणून कशानंच कधी हाक मारली नव्हती. मॅडम म्हणत होते, बस. त्या दिवसापासून मला कुणी नुसतं मोळे म्हणून हाक मारली नाही.

मी औरंगाबादला जाऊन मानसशास्त्रात एम.ए. केलं. पुस्तकांत खूप चांगलं होतं, पण त्यातली सगळी माणसं एकटी खोलीत बसून ‘मला वाटतं’ असं बोलायची. मी बाईंना पत्रांतून हे लिहायचे. त्या उत्तर द्यायच्या, पुस्तक टाकू नकोस, फक्त ते कुणाच्या गावात लिहिलं हे विसरू नकोस. लग्न झालं, मुलं झाली, मी जालन्यातच समुपदेशनाचं काम करू लागले. त्या सुमारास लोखंडाच्या कारखान्यांत बिहारकडची माणसं यायला लागली होती. एकदा एका कामगाराची बायको आणली, मूल पोटातच गेलेलं. ती तिच्या बोलीत बोलत होती, मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तिची शेजारीण दुभाषी झाली. ती बाई खूप वेळ बोलली आणि शेजारीण म्हणाली, काही नाही मॅडम, घरची आठवण येते म्हणते. मी तिला म्हटलं, मला घाई नाही, सगळं सांग, लाज वाटेल तेही सांग. त्या दिवशी मला बाईंची इतकी आठवण आली की काम संपल्यावरही मी बराच वेळ उठले नाही. त्यांना काय सोसावं लागलं असेल, दोन वाक्यांवर भिस्त ठेवून पाच वर्षं काढताना, ते मला तेव्हा कळलं.

पत्रं हळूहळू विरळ झाली. मग दोन-तीन वर्षं काहीच नाही. आणि एके दिवशी केरळहून एक पाकीट आलं. अक्षर हललेलं होतं. यजमान गेले होते, आई तर कधीच गेली होती. त्या आता त्याच जुन्या घरात एकट्या राहत होत्या. शेवटी लिहिलं होतं, मोळे, ती आष्टीची बाई कशी आहे? मला तिचा चेहरा दिसतो, पण आवाज आठवत नाही.

मी पुढच्याच रविवारी आष्टीला गेले. घर शोधायला फार वेळ लागला नाही. सुनेनं मला ओळखलं, मोळेबाई म्हणून मिठी मारली. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. सासू दोन वर्षांपूर्वी वारली होती. चालता येत होतं तोवर ती दरवर्षी नवऱ्याबरोबर एसटीनं पूर्णेपलीकडे जाऊन यायची. शेवटी महिनाभर अंथरुणावर होती, पण बोलणं स्वच्छ होतं. मी विचारलं, शेवटी काही म्हणाल्या का? सून जरा विचार करून म्हणाली, सारखं त्या बाईचं इचारायच्या. म्हणायच्या, त्या अंबाड्याच्या बाईला तिच्या मायीकडं जाता आलं का न्हाई, कोणी सांगितलं का?

मी घरी येऊन त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. काही गाळलं नाही. सून जे म्हणाली ते आधी मराठीत, देवनागरीत लिहिलं, मग खाली इंग्रजीत. तिचा आवाज कसा होता तेही लिहिलं. जाडसर होता, खालच्या पट्टीतला, वाक्य संपताना जरा वर जाणारा. सुनेनं दिलेल्या लोकरीचा एक पेळू पाकिटात घातला. तो सासूनं शेवटचा पिंजून ठेवलेला होता.

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. एक-दोन महिन्यांनी मी पुन्हा लिहिलं, वर्षभरानं पुन्हा. तिकडचं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि पाकिटावर गावाच्या नावापलीकडे फक्त घराचं नाव होतं. एकदा मी नकाशा काढून आगगाड्या बघितल्या, रजाही टाकली. मग मुलाची परीक्षा आली, सासूबाई आजारी पडल्या, ते राहिलं ते राहिलंच.

ते पत्र त्यांच्या हातात पडलं का, त्यांना वाचता आलं का, की तोवर उशीर झाला होता, मला माहीत नाही. आई असताना त्यांना तिच्याकडे जाता आलं होतं का, तेही मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. पाच वर्षं मी त्यांना सगळ्या जगाचं बोलणं सांगत होते, आणि त्यांचं तेवढं विचारायचं राहून गेलं.